हयातीचा दाखला

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी शेजारच्या शेवंतामावशींचा हयातीचा दाखला भरत होते. निराधारांचं अनुदान चालू राहावं म्हणून आपण जिवंत आहोत, हे त्यांना दरवर्षी असं लिहून द्यावं लागतं. अंगठा उठवण्याआधी त्या म्हणाल्या, "ताई, खाली लिहा, एवढ्यात भागत नाही. बीपीची गोळी मी दिवसाआड घेते."

"त्याला यात रकाना नाही हो, मावशी."

खरंच नव्हता. माणूस जिवंत आहे ना, एवढंच त्या कागदाला हवं होतं. तो कसा जगतो, हे विचारायला जागाच ठेवलेली नव्हती.

मावशींनी कागद माझ्या हातून घेतला, उलटा केला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"ही बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या. "इथं लिहा."