पाळण्यातला वरवंटा

३ डिसेंबर, बुधवार. दुपारची भांडी आवरून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाळण्याच्या व्हिडिओची काटछाट करायला बसले होते. शेजारी परातीत भरताची वांगी भाजून ठेवलेली होती. एका हाताने वांगी सोलायची आणि दुसऱ्याने माऊस चालवायचा हे जमत नाही, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून आधी व्हिडिओ, मग वांगी.

माझा नवरा जळगावात सुतारकाम करतो. घराच्या मागेच आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं छत, एक मोठा ओटा आणि भुसा. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाला देव्हाऱ्याचं काम कुठवर आलं ते दाखवायला मी फोनवर शूटिंग केलं. ते त्याने पुढे कुणाला पाठवलं, त्याने आणखी कुणाला, आणि दोन नव्या ऑर्डरी आल्या. मग मी रीतसर चॅनल काढलं. नवरा काम करतो, मी शूटिंग करते, कापते, जोडते, वर मजकूर लिहिते आणि खालच्या शेऱ्यांना उत्तरं देते. 'दादा, हे लाकूड कोणतं?' याचं उत्तर सागवान असं मी इतक्यांदा दिलं आहे की आता झोपेतही देईन.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, "किती मिळतात?" मी खरं सांगते. चांगला चाललेला व्हिडिओ महिन्याचं नेट फुकट करून देतो. खर्च मात्र दिसत नाही. स्टँड, दिवा, कॉलरला लावायचा माइक, हे एकदाच घ्यायचं असतं. रोजचा खर्च वेळेचा. नवरा एकटा एका दिवसात करील ते काम मी समोर उभी राहिले की तीन दिवस चालतं. रंधा मारताना त्याच्या हाताची सावली पडते, दिवा हलवा. पॉलिशवर दिव्याचा गोळा दिसतो, पुन्हा हलवा. पटाशीचा घाव नेमका पडतो तेव्हा कॅमेरा सुरू नसतो. आणि सांधा तर एकदाच कापता येतो. तो परत दाखवायचा तर दुसरा तुकडा घेऊन तसाच सांधा पुन्हा कापायचा. चांगलं सागवान निव्वळ दाखवण्यासाठी कापताना नवऱ्याचा चेहरा पडतो. ते तुकडे मी वाया घालवत नाही. आमच्या घरात चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या आता पाहुण्यांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

त्यातून शेजारी पिठाची गिरणी. ती चालू असली की माइकमध्ये फक्त गिरणी ऐकू येते. सोमवारी गिरणीला सुट्टी, म्हणून ज्या कामाचा आवाज महत्त्वाचा ते सगळं सोमवारी. बाकी दिवशी मी नवऱ्याला बोलू देत नाही, नंतर वरून माझा आवाज घालते. तो म्हणतो, "चॅनल माझं, आवाज तुझा. घरात आहे तेच इथे."

तर हा पाळणा धुळ्याचा होता. तिथल्या एका सुनेने चॅनल पाहून ऑर्डर दिली होती. बाळ झालं, मुलगा, आणि येत्या रविवारी बारसं ठरलं. शनिवारी पाळणा पोचवायचा होता. तिची एकच अट होती, व्हिडिओ बारशाआधी यायला हवा, नातेवाइकांना दाखवायचा आहे. पाळणा झाला होताही सुरेख. खरादावर कातलेल्या गोल दांड्यांच्या चौकटीवर टांगलेला, बाजूंना उंच सलग फळ्या, वर पितळी कड्या. हलताना कडी करकरत नाही, ही नवऱ्याची खासियत. ते दाखवायचं तर गिरणी बंद हवी. म्हणजे सोमवार.

पॉलिश करणारे चाचा आमच्याकडे कितीतरी वर्षं येतात. त्यांनी रविवारी शेवटचा हात मारला आणि बजावून गेले, "भाभी, मंगळवार संध्याकाळपर्यंत बोट लावायचं नाही." मी सोमवारीच बोट लावलं. बोट नाही, वरवंटा.

त्याचं असं. रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. नवरा त्याबाबतीत फार काटेकोर. कड्या तपासायच्या असल्या तरी तो आधी पाळण्यात काहीतरी ठेवतो. वजन पडल्याशिवाय कडी खरं बोलत नाही, असं त्याचं कारण, आणि मनातलं कारण दुसरं. त्या सोमवारी त्याने माझा पाट्यावरचा वरवंटा टॉवेलमध्ये नीट गुंडाळून पाळण्याच्या तळाला ठेवला आणि मग झोका दिला. मी खालून, पाळण्याच्या कडेच्या पातळीवरून शूटिंग केलं. एकदम शांत झोका. पितळी कडीवर ऊन. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं शूटिंग.

वरवंटा उचलला तेव्हा तळाच्या फळीवर टॉवेलची वीण उमटलेली दिसली. पॉलिश कच्चं होतं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चाचा शुक्रवारी येणारच आहेत. दोन मिनिटांत काढतील."

बुधवारी काटछाट करताना व्हिडिओ लांबला होता. लोक थांबत नाहीत. एखादा माणूस दगड टॉवेलमध्ये गुंडाळत बसलेला कोण पाहील? तो तुकडा मी कापला. झोका तेवढा ठेवला. संध्याकाळी व्हिडिओ टाकला, वांगी सोलली, भरीत केलं. दोन्ही चांगली झाली असं त्या वेळी वाटलं.

गुरुवारी सकाळी फोन आला. सून नव्हती, सासू होती. त्यांच्या घरी सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून आम्हीही.

"काय वं माय, रिकामा पायना हालाडा तुम्ही?"

रिकामा पाळणा हलवला? मला आधी कळेचना. मग कळलं. कॅमेरा खाली होता, पाळण्याच्या कडा उंच, आत वरवंटा आहे हे बघणाऱ्याला दिसायला मार्गच नव्हता. तो ठेवतानाचा तुकडा मी कापलेला.

"अक्का, आत वरवंटा होता."

"माले नही दखाना. बठ्ठा गावनी दखा, कोनालेच नही दखाना. मना नातूले मी त्यामा नही टाकसू."

मागून सुनेचा आवाज येत होता, "अहो आई, ऐकून तर घ्या." अक्कांनी तिलाही गप्प केलं. नातवाला त्या पाळण्यात टाकणार नाही म्हणजे नाही. फोन बंद.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ओट्यावर पोळपाट घासत होता. तो रागावत नाही, घासणं थांबवतो.

"मी रिकामा हलवीन?" तो म्हणाला. "मी?"

"तुम्ही नाही. मी हलवला, कात्रीने."

पैशाचं त्याला फार नव्हतं. पाळणा उद्या दुसऱ्या कुणी घेतला असता. पण त्या घरात पहिल्या नातवासाठी पाळणा केला आणि तो अपशकुनी म्हणून कोपऱ्यात पडणार, हे त्याला सहन होईना. त्याने तीनदा मला विचारलं, "त्यांना सांगितलंस ना, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला होता म्हणून?" जणू टॉवेलनेच सगळा फरक पडणार होता.

मी लगेच डिलीट केलेल्या फायली उघडल्या. कापलेला तुकडा मिळाला. नवरा, टॉवेल, वरवंटा, सगळं स्पष्ट. सुनेच्या फोनवर पाठवला. तासाभराने अक्कांचं बोललेलं उत्तर आलं.

"हाऊ व्हिडिओ ते तुम्ही आते काढेल शे."

आत्ता काढलाय म्हणे! मी ते दोनदा ऐकलं. राग यायला हवा होता, पण बाई चूक बोलत नव्हती. आमच्याच एका व्हिडिओखाली मी स्वतः लिहिलं होतं की सांध्याचं शूटिंग दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा केलेलं आहे. जे घर आपलं काम परत परत करून दाखवतं, त्याचा व्हिडिओ पुरावा कसा होणार?

शुक्रवारी सकाळी चाचा आले. डब्यातून कपडा काढला, तळाच्या फळीवर वाकले आणि चुकचुकले. "भाभी, मी काय सांगितलं होतं? टॉवेल वाळत घातला काय इथे?"

"काढा आता," नवरा म्हणाला.

चाचांचा कपडा फळीला टेकणार एवढ्यात मी ओरडले, "चाचा, थांबा! हात लावू नका."

ते इतके दचकले की कपडा त्यांच्या पायावर पडला. "अरे बापरे. विंचू आहे का?"

मी फळीकडे बोट दाखवलं. वरवंट्याच्या लांबीचा, मध्ये रुंद, टोकांना निमुळता ठसा, आणि त्यावर टॉवेलची बारीक वीण. कच्च्या पॉलिशवरच असा उमटतो. आता वाळलेल्या पॉलिशवर शंभर वरवंटे ठेवले तरी उमटणार नाही. मी अक्कांच्या फोनचं सांगितलं तसे चाचा हसायला लागले. "भाभी, पहिल्यांदा कोणी माझं काम बिघडवून माझ्याकडून शाबासकी घेतली."

शनिवारची वाट कशाला पाहायची? ओळखीचा छोटा टेम्पो मिळाला. पाळणा चौकटीला दोऱ्यांनी घट्ट बांधला. तरीही नवरा म्हणाला, "रस्त्याने हलेल." म्हणून वरवंटा पुन्हा टॉवेलमध्ये, पुन्हा पाळण्यात, बरोबर त्याच ठशावर. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, प्रत्येक खड्ड्याला नवरा मागे वळून पाहत होता. टेम्पोवाला म्हणाला, "काका, मागे मूल आहे का?" नवरा म्हणाला, "दगड आहे." पुढे धुळ्यापर्यंत टेम्पोवालाही आरशातून मागे बघत राहिला.

अक्का ओसरीवर कांदे निवडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत. सून बाळाला घेऊन दारात आली आणि आमच्याकडे पाहून डोळ्यांनीच माफी मागितली. आम्ही पाळणा उतरवून अंगणात ठेवला. मी पाळण्यापाशी बसले आणि वरवंटा उचलला.

"अक्का, फक्त तळ बघा. पाळणा नको असला तर आम्ही परत नेतो."

त्या आल्या. आधी वरूनच पाहिलं. मग चष्मा लावला, वाकल्या आणि ठशावर बोट फिरवलं. मग माझ्या हातातला टॉवेल ओढून घेतला, त्याची वीण पाहिली, फळीवरची पाहिली. वरवंटा मागितला आणि ठशावर आडवा ठेवला. तंतोतंत बसला.

"पॉलिश ओलं होतं," नवरा म्हणाला. "सोमवारी. आता असं उमटणार नाही. पाहा हवं तर."

अक्कांनी खरंच पाहिलं. ओला टॉवेल मागवला, तो वरवंट्याला गुंडाळून दुसऱ्या जागी दाबून धरला, उचलला. काही नाही. फळी चकचकीत. मग त्या खाली बसल्या आणि जोरात हसल्या.

"आते बठ्ठं समजनं. पोऱ्याना आधी दगडनं बारसं व्हई गयं!"

सून हसली, बाळ दचकून रडायला लागलं, नवऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. थंडीचे दिवस होते. चहा आला, त्याबरोबर शेव आली. अक्कांनी शेजारच्या दोन बायकांना बोलावून ठसा दाखवला, जणू तो त्यांनीच शोधून काढला होता. नवरा म्हणाला, रविवारच्या आत चाचांना पाठवून ठसा काढून देतो. अक्का म्हणाल्या, खबरदार. तो आहे तसाच राहील, आणि व्हिडिओतही आला पाहिजे. नाहीतर गावाला काय सांगणार?

निघताना मी वरवंटा उचलायला वाकले. अक्कांनी माझा हात धरला.

"राहू द्या. रविवारलोंग काढाना नही."

"अक्का, माझा रोजचा आहे हो."

"मंग? पायना रिकामा करशी का तू आते?"

रविवारी बाळ आत जाईपर्यंत पाळण्यात काहीतरी हवंच, आणि त्यांना तोच दगड हवा होता. त्यांच्या घरातला का नको, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, त्या दगडाने आधीच ओळख करून घेतली आहे. परतीच्या रस्त्यावर नवऱ्याने पारोळ्यापर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मग म्हणाला, "व्हिडिओचा खर्च मांडशील तेव्हा वरवंटाही धर." आणि पहिल्यांदा हसला.

शनिवारी सकाळी भाकरीबरोबर ठेचा हवा होता. मिक्सरमध्ये ठेचा होत नाही, पाणी होतं. मी कारखान्यात गेले, पटाशीवर मारायची त्याची लाकडी मोगरी आणली, धुतली आणि पाट्यावर मिरच्या, लसूण आणि मीठ तिनेच ठेचलं. पुन्हा धुऊन, पुसून जागेवर ठेवली. मग टेबलावर बसले, झोक्याच्या आधी दगड गुंडाळण्याचा तो तुकडा परत जोडला, पूर्ण, एक क्षणही न कापता, आणि शेवटी ठशाचा सुनेने पाठवलेला फोटो लावला. व्हिडिओ लांबला. लांबू दिला.