हनुवटीवरचं निळं औषध

दिंद्रुडच्या बाजारात मी ज्याच्याकडं दाढी करतो, तो म्हातारा न्हावी वस्तरा लावायच्या आधी दर वेळी सांगतो, "हलू नका, मालक." अलीकडं हलतो तो त्याचाच हात. त्याची गिऱ्हाईकं पांगली ती त्यामुळंच.

सुरकुत्या जातील म्हणून मी तांब्याच्या पेप्टाइडचं निळं सिरम मागवलं होतं. बरेच दिवस लावून बायकोला विचारलं. ती म्हणाली, "हाय तसंच दिसतंय. उशीचा अभ्रा तेवढा निळा झालाय." तरी मी बाटली खिशात घालून न्हाव्याकडं जायचो. दाढी झाली की तो दोन बोटांनी, भाकरीला लोणी लावावं तसं, ते माझ्या गालाला लावायचा.

परवा हनुवटीखाली चांगलंच चिरलं. रक्त कॉलरपर्यंत आलं. मी शहाणपण पाजळलं, "काही नाही हो. या औषधानं कातडी भरून येते. बाटलीवरच लिहिलंय."

त्यानं तुरटी फिरवली. मग म्हणाला, "तुमी ते तरुण दिसायला आणलंय. माझ्यापायी कशाला वाया घालवता?"

उरलेली दाढी त्यानं केलीच नाही. वस्तरा मिटला आणि तसाच अर्ध्या फेसानिशी मला समोरच्या नव्या सलूनमध्ये घेऊन गेला. तिथल्या कारागिराला म्हणाला, "आपलं जुनं गिऱ्हाईक हाय. हळू चालव बे."

मी खुर्चीत बसलो. आरशात तो रस्ता ओलांडून परत जाताना दिसला. दोन्ही हात त्यानं खिशात घातले होते.