बुधवारच्या सहा फेऱ्या

शिंपीणबाई चोपन्न वर्षांच्या. दिवसभर मशीनवर बसून पाठ आखडते म्हणून चाळिशीत पळायला लागल्या, त्या पळतच राहिल्या. पण दहा किलोमीटरला एक तास दोन मिनिटं लागायची, ती काही केल्या कमी होईनात.

शाळेत खेळ शिकवणारी लेक म्हणाली, "आई, तू रोज एकाच वेगानं पळतेस. दर बुधवारी मैदानाची एक फेरी जोरात पळ, मग एक चालत जा. असं सहा वेळा. बाकीचे दिवस नेहमीसारखंच."

पहिल्या बुधवारी तिसऱ्या फेरीलाच बाईंच्या तोंडाला फेस आला. "हे पळणं आहे की शिक्षा?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"शिक्षाच. पण आठवड्यातून एकदाच."

बाई मुळात चिवट. त्यांनी एकही बुधवार चुकवला नाही. दहाव्या बुधवारी सहावी फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली, तेव्हा लेकीनं घड्याळ दोनदा पाहिलं.

पुढच्या रविवारच्या शर्यतीत बाई एकोणसाठ मिनिटांत आल्या. शेवटच्या वळणावर त्या दिसताच लेक शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाली, "ती निळ्या शर्टातली माझी आई. शर्टही तिनंच शिवलाय."