पाण्यात कोण उभं होतं?

शालिनीताई बर्व्यांसमोर 'शेतकरी' हा शब्द नुसता उच्चारायची सोय नव्हती. भर मीटिंगमध्ये कुणाच्या तोंडून तो निघाला की ताईंची तर्जनी वर जायची आणि प्रश्न यायचा, "कुठला?"

बोलणारा गोंधळायचा. "म्हणजे... शेतकरी, शालिनीदी. इन जनरल."

"इन जनरल शेतकरी मला अजून भेटलेला नाही. तुम्हाला दिसला तर फोन करा."

मला त्या पहिल्यांदा भेटल्या त्या अशाच, मी पडद्यावर रंगीत बाण दाखवत उभा असताना. कोलकात्यातल्या ज्या खासगी कंपनीत मी काम करतो, तिने तागासाठी फोनवरचा बाजार उभारला होता. शेतकऱ्याने फोनवर माल नोंदवायचा, शहराजवळच्या बजबजच्या ताग-गिरणीने थेट घ्यायचा, पैसे थेट खात्यात. मधला दलाल गायब. हे सगळं रचण्याचं काम माझ्याकडे होतं आणि त्यावर माझा मनापासून विश्वास होता. खेड्यातली गरिबी ही मधल्या माणसांची करणी, त्यांना काढलं की झालं, इतकं माझं गणित सोपं होतं.

माझं बोलणं संपल्यावर ताई मराठीत म्हणाल्या, "अविनाश, दलाल काढायला निघालायस, काढ. पण त्याच्या पाटावर कोण येऊन बसतोय ते बघ."

बाकीचे बंगाली सहकारी कौतुकाने आमच्याकडे पाहत होते. दोन मराठी माणसं भेटली, गावाकडचं काही गोड बोलत असतील, असं त्यांना वाटलं असावं. पुढेही ताई मला नेहमी मराठीतच रागावल्या. चारचौघांत माणसाची अब्रू राखून त्याला झापता येतं, हा परमुलखातल्या मातृभाषेचा फायदा मला त्यांच्यामुळे कळला.

ताईंची सगळी नोकरी एका बँकेच्या ग्रामीण कर्ज विभागात गेली. यजमान रेल्वेत, गार्डन रीचला. निवृत्तीनंतर दोघं बालीगंजला स्थायिक झाले. आमच्या कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं ते एका अडचणीपोटी. बाजार नव्या जिल्ह्यांत न्यायचा तर पैसे पुरवणाऱ्यांना एका स्वतंत्र जाणकाराचा होकार हवा होता. आमचा मॅनेजर सेनगुप्ता म्हणाला होता, "रिटायर्ड बाई आहेत. चहा पितील, सही करतील."

चहा त्या खरंच भरपूर प्यायल्या. सहीच्या आधी मात्र म्हणाल्या, "मला ताग पाण्यात असताना बघायचाय."

मग भाद्रपदात आम्ही गेलो. लोकल, मग बॅटरीची रिक्षा, मग चिखल. तागाच्या जुड्या तळ्यात कुजत घातल्या होत्या. तो वास लिहून सांगता येणार नाही, पण माझा शर्ट मी घरी गेल्यावर फेकून दिला, एवढं सांगतो. कमरेइतक्या काळ्या पाण्यात निमाई नावाचा माणूस उभा राहून काड्यांवरून धागे सोलत होता. जमीन दुसऱ्याची, कसणारा निमाई, पीक अर्धं-अर्धं, आणि हे सगळं तोंडी. ताई चपला काढून काठावर बसल्या आणि त्यांच्या पुणेरी वळणाच्या बंगालीत त्याच्याशी बोलू लागल्या. निमाई आधी त्यांच्या उच्चारांना हसला, मग बोलता झाला.

दलाल भाव पाडायचा, तो म्हणाला, पण बांधावर येऊन पैसे हातात ठेवायचा. 'कागद दाखव' असं कधी म्हणाला नाही. नव्या बाजाराला मात्र जमिनीचा कागद लागतो. तो मालकाच्या नावाचा. म्हणून फोनवर नोंदणी मालकाची आणि पैसे मालकाच्या खात्यात.

"भाव चांगला आहे," निमाई म्हणाला. "ऐकून आहे."

परतताना ताई एकदम म्हणाल्या, "तुझ्या त्या बाणांमध्ये पाण्यात कोण उभं होतं?"

मी म्हणालो, "सुधारणा एका दिवसात होत नाहीत, ताई."

"खरंय. पण पहिल्या दिवशी तोंड कुठल्या दिशेला आहे ते तरी पाहावं."

त्यांच्या प्रश्नाची जाहीर परीक्षा पुढे बजबजला झाली. गिरणीच्या आवारात मांडव घालून पहिल्या यशस्वी शेतकऱ्यांचा सत्कार ठरला होता. यादी संगणकानेच काढली होती. शाल ताईंच्या हस्ते. एक नाव पुकारलं गेलं आणि पुढच्या रांगेतून उठले ते आमचे डॉक्टर घोष! बालीगंजला ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो, ते दातांचे डॉक्टर. धुतलेलं धोतर, सोबत हसतमुख बायको. मला पाहून त्यांनी आनंदाने हात हलवला. मला कुठे पाहावं ते कळेना.

ताईंनी शाल हातातच धरली आणि अगदी मृदूपणे विचारलं, "जॉले के दाँडियेछिलो, डॉक्टरबाबू?" पाण्यात कोण उभं होतं?

"पाण्यात?" डॉक्टर दचकले. "छे छे, मला सर्दीचा त्रास आहे!"

मांडव हसला. डॉक्टरही हसले, सज्जन माणूस. "निमाई असणार," ते म्हणाले, "तोच सगळं बघतो. वडिलांची जमीन. मी एका कागदावर सही केली होती खरी, नंतर फोनवर तागाचे भाव येऊ लागले. मला वाटलं, चुकून येतायत."

"मग ही शाल निमाईला पोचवाल?" ताईंनी ती त्यांच्या हातात दिली.

त्या आठवड्यात सेनगुप्ताने परोपरीने समजावलं. कागदावर जो मालक तोच शेतकरी, कायदा तसाच आहे, दीदी. ताईंचं एकच: ज्याने पीक काढलं त्याला स्वतःच्या नावाने विकता येईल, तेव्हा माझी सही. त्यासाठी मालकाने फक्त लिहून द्यायचं, की हा माझी जमीन कसतो, माल याचा, पैसे याला, माझा वाटा मला मिळेल. "एक मालक तयार झाला तर?" मी विचारलं. सेनगुप्ता म्हणाला, "एक तरी आणून दाखवा."

म्हणून एका रविवारी सकाळी मी आणि ताई माझ्याच घरमालकांच्या, डॉक्टर घोषांच्या, दारात उभे राहिलो. बशीत संदेशाची मिठाई आली, चहा आला. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "शालिनीदी, आज लिहून देईन, उद्या जमीन गेली तर? तुमच्या मुलुखात देतात का लोक असं लिहून?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हा देईल. विचारा त्याला. हाही शेतकरीच आहे."

मी एकदाच कधीतरी, बोलता बोलता, त्यांना सांगितलं होतं. वाशीमजवळ आमची वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर माझं आणि थोरल्या भावाचं, दादाचं, नाव. सोयाबीन पेरतो, निंदतो, काढतो तो किसन, माझ्या लहानपणापासून. आमच्यात लिहिलेलं काही नाही. पाऊस पडला नाही तर भरपाई माझ्या खात्यात येते, कोलकात्यात, पंख्याखाली. ती मी किसनला पाठवतो, कधी वेळेवर, कधी सणाच्या निमित्ताने, आणि पाठवताना मला आपण उदार असल्यासारखं वाटतं. वडील बजावून गेलेत: काहीही दे, पण लिहून देऊ नकोस. कूळ लागेल, जमीन कसणाऱ्याची होईल. आमच्या घरात मुलांना भुताची भीती कुणी घातली नाही, कुळाची घातली.

"देणार का?" डॉक्टरांनी खरोखरच कुतूहलाने विचारलं.

हातातला संदेश बशीत ठेवून मी म्हणालो, "देईन."

डॉक्टरांनी लिहून दिलं. माझ्या शब्दावर. हे मला आजही टोचतं, कारण त्यांचा कागद पुरा झाला तेव्हा माझा सुरूही झाला नव्हता.

पुढच्या हंगामात निमाई खरेदी केंद्रावर आपला माल घेऊन आला. ताई रांगेतच, त्याच्या मागे, बायकांमध्ये उभ्या होत्या. टेबलावरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "नाम?"

निमाई सवयीने म्हणाला, "डॉक्टर घोष."

मागून ताईंचा आवाज आला. "तोमार नाम, निमाई. तोमार."

तो वळून पाहतच राहिला. मग त्याने स्वतःचं नाव सांगितलं, इतक्या हळू की मुलीला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मात्र रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

त्या एका केंद्रापुरता नियम बदलला. इतर जिल्ह्यांसाठी कंपनीने दुसरे सल्लागार शोधले. ते चहा न पिताच सही करतात. ताईंचा करार पुढे चालू राहिला नाही. त्यांनी तक्रार केली नाही. बालीगंजच्या दिवाणखान्यांत त्या एकट्या फिरू लागल्या. तिथे इतके शेतकरी राहतात याची कुणाला कल्पना नव्हती. वकील, प्राध्यापिका, सतार शिकवणाऱ्या एक बाई. कुणी लिहून दिलं, कुणी दारातूनच नमस्कार केला. "एका दारात किती वेळा जाणार?" मी विचारलं. म्हणाल्या, "दार झिजेपर्यंत. आपलं लाकूड त्याहून टणक आहे."

यजमान गेल्यावर मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. निरोपाच्या वेळी हावड्याला मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाच्या जागी म्हणाल्या, "लिहून दिलंस?"

"देतो, ताई."

त्यानंतर प्रत्येक फोनची सुरुवात हीच. 'कसा आहेस' मागून. दादाशी मी बोललो तेव्हा तो म्हणाला, "कलकत्त्याची हवा लागली तुला! बापाचं नाव बुडवशील." किसनशी बोललो तर तोच घाबरला. "कशापायी भाऊ? थोरले भाऊ मले वावरात पाय ठेवू देतील का?" दोघांचीही कारणं मला सोयीची होती आणि ती मी बरेच दिवस वापरली.

या दिवाळीला मी वाशीमला गेलो आणि माझ्या हिश्श्यापुरतं किसनच्या नावाने लिहून दिलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. किसनने कागद घेतला, हात जोडले नाहीत, हे मला बरं वाटलं. बाजार समितीत सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, त्याच्या नावाने फाटली, तेव्हा मी आवाराबाहेर उभा होतो. आत माझं काही काम नव्हतं.

तिथूनच ताईंना फोन लावला. आवाज आता थकलाय, पण प्रश्न तोच.

"लिहून दिलंस?"

"दिलं, ताई."

मला वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे येणार.

"आणि भावाने?"

"नाही. तो तयार नाही."

"बरं," ताई म्हणाल्या. "त्याचा नंबर पाठव."