गोळ्यांचं रिकामं पाकीट

कोरोनातून बायको वाचली आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिचा डोळा मी जवळजवळ घालवला.

मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी तिला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. शुगर आहे, या गोळ्यांनी ती वाढते, पाच दिवसांवर एकही नको, असं बजावलं होतं. पण त्या गोळ्यांनी तिचा दम बसला, ती उठून भाकर खाऊ लागली. आमच्याकडे गुण आलेल्या गोळीचं रिकामं पाकीट कोणी फेकत नाही. मेडिकलवर दाखवून 'याच द्या' म्हणायचं. चिठ्ठी कोणी मागत नाही. मीही तेच केलं. दोनदा. शुगर मात्र तपासली नाही.

मग तिचा उजवा गाल बधिर झाला, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले. अकोल्याला नेलं. काळी बुरशी नाकातून डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचली होती. गोळ्या किती दिवस दिल्या, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, पाच.

ऑपरेशन करून नाकातला सडलेला भाग काढला. डोळा वाचणं आता बुरशीच्या इंजेक्शनावर होतं, आणि त्या दिवसांत ते कुठेच मिळत नव्हतं. भाच्याने नागपूरहून थोडं थोडं मिळवलं. ते पिवळं औषध सलाइनमधून तासन्‌तास चाले. तिला हुडहुडी भरे. मी पाय धरून बसे. किडनीला जड म्हणून सारखं रक्त तपासत. रिपोर्ट येईपर्यंत मी लॅबच्या दारातच उभा असे.

किडनी टिकली. सूज उतरली. बुरशी थांबली, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिच्यासमोरच त्यांना खरं सांगून टाकलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर तिने डावा डोळा तळव्याने झाकला आणि उजव्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या सदऱ्याचं बटन खालीवर लागलं हाय."

मी खाली पाहिलं. खरंच लागलं होतं. मला रडू आलं.

"त्या गोळ्या मीबी त मांगत होती," ती म्हणाली. "रडता कायले? बटन लावा पयले."

घरी बुरशीच्या गोळ्या चालू राहिल्या. पहिलं पाकीट संपलं तसं मी ते चुलीत टाकलं आणि चिठ्ठी घेऊन अकोल्याची एसटी धरली.