कापूस कुठला

बुटीबोरीच्या ज्या कापड गिरणीत मी नोकरी करते, तिथं माझं काम कागदांचं. परदेशी जाणाऱ्या मालासोबत त्याचा सगळा प्रवास लिहून द्यावा लागतो. कापूस कोणत्या भागात पिकला, सरकी कुठं काढली, सूत कुठं कातलं. खाली माझी सही. पूर्वी हे एका पानात मावायचं. मग अमेरिकेनं कायदा केला की चीनच्या शिंजियांग प्रांतातून आलेला, किंवा तिथल्या कापसाचा माल सक्तीच्या मजुरीचाच धरला जाईल. तसा नसेल तर माल मागवणाऱ्यानं ते सिद्ध करावं, म्हणून ते पुरावे आमच्याकडे मागू लागले. तेव्हापासून एकेका मालाची फाईल विटेएवढी जाड होऊ लागली.

आमचं गोदाम सांभाळणारे काका वैतागायचे. "कापूस तं कापूसच असते ना मॅडम. त्याले गाव काहून विचारून राहिले हे लोक?"

मला तरी कुठं ठाऊक होतं? उइगर हा शब्द बातम्यांत ऐकलेला. तिकडचे मुसलमान, त्यांना छावण्यांत कोंडतात, एवढंच.

एका हिवाळ्यात युरोपातल्या एका खरेदीदारानं आमच्यासारख्या गिरण्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण ठेवलं. दोन तास तक्ते पाहून डोळे जड झाले होते. शेवटी एक बाई बोलायला आली. माझ्याच वयाची, पंचेचाळिशीची असेल. ती उइगर होती. शिकायला म्हणून युरोपात गेली आणि परत जाणं शक्यच राहिलं नाही. शब्द शोधत, सावकाश इंग्रजीत बोलत होती.

तिचा भाऊ शाळेत त्यांची भाषा शिकवायचा. एक दिवस पोलिसांनी त्याला नेलं. घरच्यांना सांगितलं, शिकायला नेतोय. चाळिशीतल्या मास्तरला! मग वहिनीला दूरच्या एका कारखान्यात कामाला पाठवलं. 'पाठवलं' म्हणजे विचारलं नाही. आईशी शेवटचं बोलणं झालं, तेव्हा आई म्हणाली, "इथं सगळं चांगलं आहे. आता फोन करू नकोस." त्यानंतर तो नंबर लागला नाही.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी माईक सुरू केला. "तुमची वहिनी कारखान्यात काय काम करते?"

"सूत कातते, असं ऐकलंय," ती म्हणाली. "त्यात नेमकं काय करावं लागतं, मला माहीत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगू शकाल."

त्या दिवशी पाळी सुटताना मी फाटकापाशी उभी राहिले. आमच्या सूतखात्यातल्या बायका केसांतला कापूस झटकत, एकमेकींना हाका मारत बसकडे पळत होत्या. पगारावरून, उकाड्यावरून त्यांची रोजची कुरकुर असते, आणि ती खरीही असते. पण पाळी संपली की त्या घरी जातात.

नागपुरात नंदनवनला घरी पोचून आईला सगळं सांगितलं. छप्पन्नच्या बौद्ध धम्मदीक्षेला ती आजीच्या कडेवर होती. फोनची गोष्ट ऐकून तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "माय जित्ती असून पोरीले असं म्हणा लागलं काय वं?" मग म्हणाली, "आपल्याले आपल्या मनानं धरम घेता आला. त्यायले तं आहे तोच सोडाले लावून राहिले."

पुढचे काही दिवस मी वाचत राहिले. चीन सगळं नाकारत होता. ती कौशल्य शिकवणारी केंद्रं होती, म्हणत होता. एका आंतरराष्ट्रीय अहवालात मात्र लिहिलं होतं की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात. त्या अहवालावर नुसती चर्चा करावी का, यावर जिनिव्हात मानवी हक्कांच्या परिषदेत देशांनी मतदान केलं आणि ठराव पडला. आपला देश तटस्थ राहिला.

दोनेक महिन्यांनी एका व्यापाऱ्याकडून बारीक सुताचा माल आला. भारतातला नाही, चीनचाही नाही, तिसऱ्याच देशातून, कागद गुळगुळीत. फक्त कापूस कुठं पिकला त्या रकान्यात लिहिलं होतं, 'मिश्र'. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर.

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. "सही का अडली आहे?"

"सर, कापूस कुठला ते कळत नाही."

"व्यापाऱ्यानं लिहून दिलंय ना, सगळं नियमात आहे म्हणून?"

"त्यानं लिहिलंय. मला माहीत नाही."

ते वाईट माणूस नाहीत. थकून म्हणाले, "मॅडम, तिथल्या लोकांचं इथं बसून आपण काय करणार?"

मी रकान्यात लिहिलं: 'कापसाचा उगम कळला नाही.' आणि त्याखाली सही केली. नोकरी जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. त्या सुताचं कापड परदेशी पाठवायचं नाही, असं ठरलं.

मला वाटलं, माल परत जाईल. महिन्याभरानं गोदामात गेले तर त्याच सुताच्या कापडाचे तागे ट्रकमध्ये चढत होते. "हे कुठं चाललं?" मी काकांना विचारलं.

"आपल्याच बाजारात. इथं कोन विचारते मॅडम?"

रागापेक्षा शरम जास्त वाटली. त्या प्रशिक्षणाच्या कागदांवर त्या बाईचा मेलचा पत्ता होता. मी तिला सगळं लिहिलं, ट्रकसुद्धा. गिरणीचं नाव तेवढं लिहिलं नाही.

आठवड्यानं उत्तर आलं. "आमचा माल स्वच्छ आहे, असं मला पुष्कळ जण कळवतात. आम्हाला माहीत नाही, असं कळवणाऱ्या तुम्ही पहिल्या. वहिनी परत आल्याचं एका ओळखीच्याकडून कळलं. फार वाळली आहे म्हणे. भावाचं काहीच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना अर्ज दिला: देशात विकायच्या कापडासाठीही हाच रकाना भरून घ्यावा, आणि माल घेण्याआधी घ्यावा. त्यांनी तो वाचला, घडी घातली, "बघू" म्हणाले. अजून बघताहेत. पण नवं सूत घ्यायचं असलं की आमचा खरेदीवाला आधी माझ्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "मॅडम, यांना काय काय विचारायचं?" मी त्याला लिहून देते. 'मिश्र' लिहिणारा तो व्यापारी मात्र पुन्हा आमच्याकडे आला नाही. कुठं विकतो, कुणास ठाऊक.