डिकीत बसलेला नाथा मिस्त्री

विठ्ठलवाडी डेपोच्या मागे गॅरेज चालवणारा नाथा मिस्त्री गाडीचं दुखणं कानाने ओळखायचा. बॉनेट उघडण्याआधी डोळे मिटून उभा राहायचा, आणि गिऱ्हाईक मध्येच बोललं तर त्याला सरळ चहाच्या टपरीवर पिटाळायचा. तीस वर्षांत कानाने त्याला दगा दिला नव्हता.

म्हणूनच अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले दिनानाथ साहेब आपली सतरा वर्षांची गाडी घेऊन तिसऱ्यांदा आले, तेव्हा नाथाचा चेहरा पडला. वळण आलं की गाडी मागून गडगडायची आणि शेवटी ठक्क करायची. सरळ रस्त्यावर गपगार. नाथाने शॉकॲब्सॉर्बर बदलले, चाकं खोलून पाहिली, आवाज होता तिथेच. समोरच्या स्पेअर पार्टवाल्या सिंधी शेठने तर, मिस्त्री, आता कानालाच मशीन लावून घ्या, असंही सुनावलं.

ते नाथाला झोंबलं. "साहेब, तुम्ही चालवा. मी डिकीत बसतो. आवाज सापडला की दोनदा ठोकीन."

साठीचा नाथा अंगाची घडी करून डिकीत शिरला आणि साहेबांनी झाकण लावलं. पुढे बसलेल्या त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला.

पहिल्या वळणावर डाव्या बाजूच्या कव्हरमागे काहीतरी घरंगळलं. दुसऱ्या वळणावर अगदी कानाशी ठक्क. नाथाला असा काही आनंद झाला की दोनदाचं ठरलेलं विसरून तो दणादण ठोकत सुटला. गाडी तेव्हा नेमकी चौकात, हवालदाराच्या पुढ्यात थांबली होती.

हवालदाराने डिकी उघडायला लावली. आत घामाने निथळणारा, ग्रीसने माखलेला माणूस हसत होता. कोणी कोंडलंय का, असं हवालदाराने त्याला हळूच विचारलं.

"नाही हो, मीच बसलोय," नाथा म्हणाला. "जरा उजेडातून बाजूला व्हा."

त्याने तिथेच कव्हर खोललं, आत हात घातला आणि आधी एक कुजकं फडकं, मग त्यातून सुटलेला पितळेचा बत्ता बाहेर काढला.

जमलेले लोक हसले. कुमुदिनीबाई मात्र हसल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मांजर्लीच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा भांडीकुंडी याच डिकीत कोंबून ते नणंदेकडे, शालनकडे, राहायला गेले होते. परत आल्यावर खल सापडला, बत्ता नाही. तो शालननेच ठेवून घेतला, असं कुमुदिनीबाई चारचौघांत बोलून बसल्या, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

हवालदाराने गाडी सोडली आणि साहेब पुन्हा स्टिअरिंगवर बसले.

"गाडी शालनकडे घ्या," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

नाथाला उतरवायचं कोणालाच सुचलं नाही. मागच्या सीटवर बसून तोही बदलापूरला पोचला. शालनने दार उघडलं, आधी बत्ता पाहिला, मग वहिनीचा उतरलेला चेहरा.

"या, लसूण सोला," ती म्हणाली. "चटणी कुटायची राहिलीय."

नाथा मिस्त्री त्या दिवशी तिथेच जेवला. चटणी त्याने दोनदा मागून घेतली.